‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? आठवी ते दहावीच्या संगणक विषयाबद्दल खुले पत्र

प्रति,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, बालभारती आणि राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ येथे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला. २०२४ मध्ये राज्याचा स्वतःचा अभ्यासक्रम आराखडाही आला. नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, आणि माध्यमिक वर्गांचे पुस्तक एकदा छापून आले की पुढची कित्येक वर्षे लाखो मुले तेच शिकणार. म्हणून पुस्तक छपाईला जाण्याआधीच हे लिहितो आहोत.

यंत्र माहिती साठवते कशी, ती तपासते कशी आणि सूचना पाळते कशी, हे तीन प्रश्न या विषयाच्या मध्यभागी ठेवा, एवढीच आमची मागणी आहे. बाकी सगळे त्यांच्या मागून येऊ द्या. हे प्रश्न शिकवायला लागणारे साहित्यही फारसे महाग नाही: पुठ्ठा, पाटी, बिस्किटाचा पुडा आणि आपली देवनागरी.

शाळांत चालणारी संगणकाची बहुतेक पुस्तके मॉनिटर, कीबोर्ड, माऊसच्या चित्रांनी सुरू होतात. मग पूर्णरूपे येतात आणि मग ‘या मेनूत जा, हे बटण दाबा’ अशा पायऱ्या. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा वरचा सगळा मेनू बदलला, तेव्हा ज्यांनी पायऱ्या पाठ केल्या होत्या त्यांना साधी तक्त्याची चौकट सापडेना. इंग्लंडमध्येही शाळेतला ‘आयसीटी’ (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) विषय याच वाटेने गेला होता. रॉयल सोसायटीने २०१२ मध्ये त्यावर सडेतोड अहवाल दिला आणि सप्टेंबर २०१४ पासून तिथे त्या जागी ‘कॉम्प्युटिंग’ आला. आपल्या जवळ केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले, पुढे मुक्त सॉफ्टवेअर आणि मल्याळम यांची जोड दिली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था कायमची उभी केली. म्हणजे या वाटा चाचपडत शोधाव्या लागणार नाहीत.

आता प्रत्यक्ष पाठाकडे येऊ.

आठवीचा पहिला पाठ पाच पत्त्यांचा असावा. ए४ आकाराच्या पाच पुठ्ठ्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ टिपके काढायचे. आकडे लिहायचे नाहीत, टिपकेच. पाच मुलांना वर्गासमोर ओळीत उभे करायचे; पत्ता दाखवला तर एक, पाठ फिरवली तर शून्य. वर्गाने कोणाचीही जन्मतारीख सांगायची आणि पाच जणांनी ती ‘उभी’ करायची. २३ तारीख म्हणजे १६, ४, २ आणि १ दिसणार, ८ झाकलेला: १०१११. पाच पत्त्यांवर ३१ पर्यंतचे आकडे बसतात आणि महिन्याचे दिवसही ३१ च, त्यामुळे वर्गातले कोणी सुटत नाही. सहावा पत्ता किती टिपक्यांचा हवा, हे मुले न सांगता ओळखतात. आठ पत्ते झाले की ० ते २५५ आणि तिथेच ‘बाइट’ हा शब्द आणावा.

हा पाठ बिघडतो तो ठरावीक ठिकाणी, आणि शिक्षक हस्तपुस्तिकेत ती ठिकाणे छापायला हवीत. शिक्षक मुलांच्या बाजूला तोंड करून उभे असतात, म्हणून ओळ त्यांच्या डाव्या-उजव्याप्रमाणे लागते आणि वर्गाला आकडा उलटा दिसतो. एक टिपक्याचा पत्ता वर्गाच्या उजव्या हाताला यायला हवा. दुसरी चूक वाचनाची: १०१ ला ‘एकशे एक’ म्हटले की सगळे घसरते, ‘एक-शून्य-एक’ असेच म्हणावे. तिसरी चूक घाईची. पहिल्याच दिवशी ‘दोनने भागत जा आणि बाकी खालून वर लिहा’ ही रीत फळ्यावर येते. मुले बाकी वरून खाली लिहितात, उत्तर उलटे येते आणि ते उलटे आले आहे हे ओळखायला त्यांच्याकडे काहीच नसते. पत्ते हाताळलेले मूल निदान टिपके मोजून पाहते. भागाकाराची रीत महिन्याभराने शिकवली तरी चालेल.

यानंतरचा पाठ मराठी मुलांसाठी मराठीतच लिहिला जाऊ शकतो, आणि आमच्या मते तो या पुस्तकाचा कणा व्हावा. वर्गाला विचारा: ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? सगळे म्हणतील तीन. मग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लांबी मोजायची ‘लेन’ ही सूचना त्याच शब्दावर चालवा. उत्तर येते ५. वर्गात कुजबुज सुरू होते आणि आपला पाठ तिथून पुढे जातो. संगणक म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच घटक साठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, त्यांचे क्रमांक २३५०, २३५२, २३६६, २३३६ आणि २३६८. काना आणि वेलांटी यांनाही स्वतःचा क्रमांक असतो, हे कळल्यावर मुले ‘क्ष’ उघडून पाहतात आणि त्यात क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे निघतात.

पुढे तोच शब्द नोटपॅडमध्ये लिहून यूटीएफ-८ पद्धतीने (युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची एक रीत) जतन करायला सांगा आणि फाइलचा आकार बघायला सांगा. तो १५ बाइट यायला हवा, कारण देवनागरीचा प्रत्येक घटक या पद्धतीत ३ बाइट घेतो. इथेही वर्गात वेगवेगळी उत्तरे येतील आणि प्रत्येकाला कारण आहे. १७ आले तर शब्दानंतर एन्टर दाबले गेले आहे; विंडोज त्यासाठी २ बाइट लिहिते, लिनक्सवर हेच १६ होतील. १८ आले तर नोटपॅड जुने आहे, ते फाइलच्या सुरुवातीला ३ बाइटची खूण आपणहून टाकते. ५ आले आणि फाइल पुन्हा उघडल्यावर पाच प्रश्नचिन्हे दिसली, तर ती जुन्या ‘अँसी’ पद्धतीने जतन झाली आणि मराठी त्यात मावलीच नाही. आकार पाहताना ‘साइज’ ही ओळ पाहायची, ‘साइज ऑन डिस्क’ नव्हे. शिक्षकाला ही चार उत्तरे आधी माहीत असतील तर चुकीचे उत्तर हाच तासिकेचा सर्वांत चांगला भाग ठरतो. माहीत नसतील तर ‘कॉम्प्युटर बिघडला’ म्हणून तास संपतो.

नववीत हाच धागा पुढे नेता येतो. शब्द उलटा करायचा प्रोग्राम इंग्रजी शब्दावर छान चालतो. ‘मराठी’ उलटा केला की सुरुवातीला निराधार वेलांटी येते आणि पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली दिसते. शब्दांची यादी क्रमाने लावायला सांगितली तर ‘माळी’ हा ‘मासा’च्या आधी येतो, कारण ळ चा क्रमांक २३५५ आणि स चा २३६०. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर, म्हणजे शब्दकोशात मासा आधी हवा. यंत्राने चूक केली का? त्याने क्रमांक पाहिले, वर्णमाला त्याला कोणी सांगितलीच नव्हती. ही गोष्ट तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला इतक्या स्वच्छ रीतीने दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही, आणि ते इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करून कधीच मिळणार नाही.

एसएमएसचे गणितही इथेच बसते. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट (बिट म्हणजे एक किंवा शून्याची एक जागा, एका बाइटमध्ये आठ). इंग्रजीत एका अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरे. मराठीत १६ बिट, म्हणून ७०. मराठी संदेश लवकर का ‘भरतो’ हे मुले स्वतः भागाकार करून सांगतात. आणि जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी परिपत्रक दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा गिचमिड पसारा का दिसतो, तेही: त्या फाइलीत मुळात रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, मराठी असते ती फक्त फॉन्टच्या चित्रात. म्हणूनच मुलांना टंकलेखन शिकवायचे ते युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीने शिकवा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे ती लवकर बोटात बसते.

तपासणीच्या पाठासाठी प्रत्येकाने घरून बिस्किटाचा किंवा साबणाचा रिकामा पुडा आणावा. त्यावरच्या बारकोडखाली तेरा अंक असतात. भारतात नोंदणी झालेल्या कंपनीच्या मालावर सुरुवात ८९० ने होते. शेवटचा अंक मालाचा नसतोच. तो आधीच्या बारा अंकांची राखण करतो. समजा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. डावीकडून पहिल्याला १ ने, दुसऱ्याला ३ ने, पुन्हा १ ने, पुन्हा ३ ने गुणत जायचे: ८, २७, ०, ३, २, ९, ४, १५, ६, २१, ८, २७. बेरीज १३०. ती दहाने भाग जाणारी करायला आणखी ० हवा, म्हणून तेरावा अंक ०. दुकानातले यंत्र दर वेळी ही बेरीज करते आणि जुळली नाही तर अंक स्वीकारत नाही.

एवढ्यावर थांबलात तर तो अंकगणिताचा खेळ राहील. पुढचे प्रश्न विचारा. गुणायला ३ च का, २ का नाही? २ ने गुणले तर ० च्या जागी चुकून ५ पडला तरी बेरजेत १० ची भर पडते आणि चूक निसटते. ३ ने गुणल्यास एकट्या अंकाची कोणतीही चूक निसटत नाही. मग शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर? बहुतेकदा पकडले जातात, पण त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, जसे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर नाही. का नाही, हे नववीच्या मुलाला बीजगणिताने सिद्ध करता येते आणि ते करायला लावलेच पाहिजे. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंकही असाच राखणदार आहे, मात्र त्याची रीत वेगळी आहे, व्हर्हूफ पद्धतीची, आणि ती शेजारच्या अंकांची अदलाबदलही प्रत्येक वेळी पकडते. वर्गात आधार क्रमांक मागवू मात्र नका. तो फळ्यावर लिहायचा आकडा नव्हे, हे सांगायलाही हीच जागा योग्य.

आता प्रोग्रामिंग. आठवीत स्क्रॅच (चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा), नववीपासून पायथन, हा क्रम आम्हाला ठीक वाटतो. कोणती भाषा यावर वाद घालत बसण्यापेक्षा मुले अडतात कुठे हे पुस्तकात यायला हवे. पहिली अडचण बरोबरच्या चिन्हाची. नववीत गणिताच्या तासाला समीकरणे चालू असतात, आणि इथे ‘अ = अ + १’ दिसते. ज्याला समीकरण नीट कळले आहे तेच मूल म्हणते की हे अशक्य आहे, आणि त्याचे बरोबरच असते. फळ्यावर पहिले दोन आठवडे बरोबरच्या जागी डावीकडे जाणारा बाण काढावा: उजवीकडचे उत्तर काढा आणि डावीकडच्या नावाच्या पाटीवर लिहा. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या या नावाला, ‘डबा’ म्हणण्याऐवजी ‘पाटी’ म्हणावे, असा आमचा आग्रह आहे. डब्यात दोन वस्तू राहू शकतात, म्हणून मुलांना वाटते की जुनी किंमतही आत कुठेतरी असेल. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावेच लागते.

बाकीच्या चुका ओळखीच्या आहेत. १ पासून १० पर्यंत असे लिहिले की पायथन ९ वर थांबतो आणि सातचा पाढा ६३ ला संपतो. कीबोर्डवरून घेतलेले ५ आणि ७ मिळवले की ५७ येते, कारण ते आकडे नसून मजकूर असतो. आठवड्याचे सर्वांत कमी तापमान शोधताना पाटीवर सुरुवातीला ० लिहिला तर उत्तर शून्यच येत राहते. सुरुवात पहिल्या दिवसाच्या तापमानाने करावी लागते. आकडा देवनागरीत १४ असा थेट प्रोग्राममध्ये लिहिला तर पायथन तो नाकारतो, पण तोच आकडा वापरणाऱ्याने टंकला आणि प्रोग्रामने मजकुराचे संख्येत रूपांतर केले तर निमूट स्वीकारतो. नावे मराठीत ठेवता येतात, ‘वय’, ‘गुण’ चालते. तरी ओळीच्या मध्येच कीबोर्ड बदलताना मुले गोंधळतात, म्हणून सुरुवातीला नावे रोमन आणि पडद्यावर दिसणारा मजकूर मराठी ठेवावा.

प्रत्येक प्रोग्राम यंत्रावर चालवण्याआधी वहीत चालवून पाहिला पाहिजे. उभे रकाने व्हेरिएबलचे, आडव्या ओळी पायऱ्यांच्या, आणि शेवटी पडद्यावर काय दिसेल त्याचा अंदाज. आता तयार प्रोग्राम मोबाइलवर मागितला की क्षणात मिळतो, त्यामुळे तर ही कोरडी फेरी सोडून चालणारच नाही. मिळालेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे मुलाला दुसऱ्या कशाने ठरवता येणार?

बालभारतीला एक खास विनंती. डीटीपीत प्रोग्राम नेहमीच्या मजकुरासारखा बसवला की अवतरणचिन्हे वळणदार होतात आणि ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा खाल्ल्या जातात. पीडीएफमधून उचललेला तो प्रोग्राम चालत नाही, आणि पायथनमध्ये त्या मोकळ्या जागांनाच अर्थ असतो. सर्व अक्षरे एका रुंदीची असतील असा फॉन्ट वापरा, आतल्या ओळींना चार मोकळ्या जागा द्या, आणि पुस्तकातला प्रत्येक प्रोग्राम अंतिम पानावरून टंकून चालवून बघा. शिवाय ज्या शाळांत अजून विंडोज ७ आहे तिथे पायथनची ३.८ पुढची आवृत्ती बसत नाही, म्हणून पुस्तकातले सगळे ३.८ वर चालेल असेच असावे.

प्रयोगशाळेचा हिशेब कागदावर मांडूनच तासिका ठरवा. वर्गात साठ मुले, संगणक दहा, तासिका पस्तीस मिनिटांची. सगळ्यांना एकदम नेले तर एका यंत्राभोवती सहा जण, त्यातले दोघे शिकतात. वर्ग दोन भागांत करा: तीस जण लॅबमध्ये, तीस जण वर्गात पत्ते, बारकोड किंवा वहीतली फेरी करत, आणि पुढच्या तासाला अदलाबदल. एका यंत्रावर तिघे: एकाचे हात कीबोर्डवर, दुसरा फक्त तोंडाने सांगणार, तिसरा वहीत किमती लिहिणार. यंत्रे सुरू होऊन बंद होण्यात दहा मिनिटे जातात, उरलेल्या पंचवीसमध्ये दर आठ मिनिटांनी जागा बदलायच्या. हे न ठरवता सोडले तर ज्याच्या घरी संगणक आहे तोच शेवटपर्यंत कीबोर्ड सोडत नाही, आणि मुली बहुधा वहीच धरून राहतात. सलग दोन तासिका देता आल्या तर आणखी उत्तम.

इंटरनेट असेलच असे गृहीत धरू नका. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती आणि थॉनी हा पायथनसाठीचा साधा संपादक, दोन्ही पेनड्राइव्हवरून बसतात. थॉनीत प्रोग्राम एकेक पायरी चालवता येतो आणि किमती बदलताना दिसतात, म्हणजे वहीतली फेरी पडद्यावर ताडून घेता येते. आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी लॅब विनाकारण बंद राहतात: मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडते आणि सगळे इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. तारीख पाहावी, बॅटरी बदलावी. अशा पाच-सहा दुरुस्त्यांचे एक पान लॅबच्या भिंतीवर लावण्यासाठी छापून द्या.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. हा विषय पुष्कळदा गणित-विज्ञानाच्या शिक्षकाकडे जादा म्हणून येतो. त्यांना ऑनलाइन भाषण ऐकवून भागणार नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत किमान पाच दिवस, समोर यंत्र, आणि वर सांगितलेल्या चुका त्यांच्या स्वतःच्या हातून घडवून दुरुस्त करायला लावणारे प्रशिक्षण हवे. सहा महिन्यांनी पुन्हा दोन दिवस बोलवा, तेव्हा खरे प्रश्न घेऊन येतील. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ मधल्या काळात उपयोगी पडतील.

उरली परीक्षा, आणि ती मंडळाच्या हाती आहे. ‘सीपीयूचे पूर्णरूप लिहा’ हा प्रश्न जोवर गुण देतो तोवर वर्गात दुसरे काही शिकवले जाणार नाही. आम्ही सुचवतो ते असे. लेखी परीक्षेत पूर्णरूपांना एकही गुण नसावा. प्रात्यक्षिकात मुलाने स्वतः केलेला प्रोग्राम उघडायचा, परीक्षकाने त्यातला एक आकडा किंवा एक अट बदलायची आणि ‘आता पडद्यावर काय येईल?’ असे विचारायचे. मुलाने आधी सांगायचे, मग चालवायचे. एका मुलामागे चार मिनिटे पुरतात. लेखीसाठी नमुन्याचे तीन प्रश्न सोबत देत आहोत.

पहिला: बारकोडचे अंक ८९०१२३४५६■८९० असे आहेत, दहावा अंक पुसला गेला आहे. तो शोधा आणि तो एकच का असू शकतो ते लिहा.

दुसरा: ‘पुणे’ हा एकच शब्द असलेली फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन केली. एका मुलीला आकार १२ बाइट दिसला, दुसरीला १४. दोघींच्या फाइलींत काय फरक असेल?

तिसरा: सातचा पाढा छापणारा प्रोग्राम ६३ वर थांबतो. कोणती ओळ बदलाल, आणि बदल करण्याआधीची शेवटची फेरी वहीत कशी दिसेल?

हे तीन प्रश्न चाचणी म्हणून आठ-दहा शाळांत सोडवून घ्या, ग्रामीण आणि शहरी दोन्ही. उत्तरपत्रिका तपासायला आणि त्यांवरून पाठ दुरुस्त करायला आम्ही विनामोबदला यायला तयार आहोत.

आपले,
माध्यमिक शाळांत संगणक शिकवणारे काही शिक्षक